महिना आधी, तारीख नंतर

मी बोलका माणूस आहे. गिऱ्हाइकाशी बोलतो, रिक्षावाल्याशी बोलतो, बँकेच्या रांगेत पुढच्या-मागच्याशी बोलतो. शाळेत केलेली कॉपी, कॉलेजात खाल्लेला मार, सगळं माझं हसत हसत दहा जणांना सांगून झालंय. ही एक गोष्ट मात्र तोंडाशी आली की मी विषय बदलतो. इतकी वर्षं बदलत आलो. आज तुम्ही समोर आहात, आणि तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक त्यामुळंच बोलवतंय.

कुठून सुरू करू? मशीनपासून करतो. ते मला सोपं जातं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. क्रांती चौकाच्या अलीकडं छोटं दुकान आहे, पण दुकानात मी कमीच सापडतो. दवाखाने, लॅब, वकिलांची ऑफिसं — तिथली मशिनं सांभाळणं हा खरा धंदा. त्यात एक तपासणीची लॅब होती. नाव सांगत नाही. तिथले डॉक्टर आमच्याच कन्नड तालुक्यातले, लांबच्या नात्यातले. मी नवीन होतो तेव्हा त्यांनीच मला पाच-सहा दवाखान्यांत चिकटवून दिलं होतं. 'आमचा विलास' म्हणायचे मला.

लॅबच्या पुढच्या टेबलावर संगीताताई बसायची. मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागं राहायची. वडील रेल्वेत गँगमन होते, घरात शिकलेली ही पहिलीच. टेबलावर काचेखाली बाबासाहेबांचा छोटा फोटो असायचा. पेशंटचं नाव मशीनमध्ये घालायचं, डॉक्टरांनी लिहिलेला रिपोर्ट छापायचा, पाकिटात घालून द्यायचा — हे तिचं काम. रिपोर्टवर डॉक्टरांची सही मशीनच छापायचं. पाकीट देताना ती नाव मोठ्यानं वाचायची आणि विचारायची, "बरोबर ना?" काळजीनं काम करणारी बाई होती. हे मी आता म्हणतोय. म्हणायला पाहिजे होतं तेव्हा म्हटलं नाही.

तिच्या मशीनवर एक्सपी नावाची जुनी सिस्टीम होती. जग कुठल्या कुठं गेलं आणि ते मशीन तिथंच. नवीन प्रिंटर त्याला चालेना, नेट चालेना, व्हायरस मात्र सगळे चालायचे. डॉक्टर मागं लागले — बदल, बदल. अडचण एकच होती. रिपोर्टचं सॉफ्टवेअर कुणा एका माणसानं पूर्वी लिहून दिलेलं. तो माणूस परदेशी गेला, फोन लागेना, सीडी हरवलेली. सगळं पुसून नवं टाकलं असतं तर ते सॉफ्टवेअरही गेलं असतं, आणि आतले सगळे जुने रिपोर्टही.

मग मी ठरवलं, पायरीपायरीनं चढवायचं. एक्सपीवरून व्हिस्टा, व्हिस्टावरून सेव्हन, सेव्हनवरून एट, एटवरून टेन. मधली एकही पायरी गाळायची नाही, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर आपोआप वर येतं. असं कुणी करत नाही. माझ्या धंद्यातले लोक हसले मला. पण मला ते करून दाखवायचं होतं — आणि हेच, हे 'करून दाखवायचं'च, नंतर नडलं.

लॅब बंद ठेवून सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसलो. दर पायरीला मशीन बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं, आणि पडदा काळा असेपर्यंत मी जागचा हलायचो नाही. प्रत्येक वेळी ते सॉफ्टवेअर जिवंत निघालं. शेवटच्या पायरीला, टेनवर, एक छोटा घोळ झाला. जुनं युजर खातं उघडेना. त्यात विशेष काही नाही, असं होतं. मी नवीन खातं काढलं, सॉफ्टवेअर त्यात आणून लावलं, चालू झालं.

नवीन खातं काढलं की त्याच्या सगळ्या सेटिंग पहिल्यापासून सुरू होतात. तारखेचीसुद्धा. आपण आधी तारीख लिहितो, मग महिना. ते खातं अमेरिकेसारखं लिहीत होतं — महिना आधी, तारीख नंतर.

मला दिसलं.

इथं थांबतो जरा. कारण पुढं जे झालं ते ऐकून तुम्ही म्हणाल, नजरचुकीनं झालं असेल, माणूस आहे, दमला असेल. नाही. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी तारीख होती आणि ती उलटी होती, आणि मी ती वाचली. ते जुनं सॉफ्टवेअर रिपोर्टची तारीख आपल्या पद्धतीनं लिहून ठेवतं, पण क्रमवारी लावताना ती मशीनच्या पद्धतीनं वाचतं, हेही मला ठाऊक होतं. बदलायला किती वेळ लागतो? मिनिटभर.

पण तेवढ्यात डॉक्टर आले. हातात दोन चहा. त्यांनी एक जुना रिपोर्ट उघडून बघितला, दुसरा बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं विलास तुला." आता त्या क्षणी 'थांबा, एक राहिलंय' असं म्हणायचं? मला नाही म्हणवलं. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, त्या दिवशीची तारीख पंचवीस. पंचविसावा महिना नसतो, म्हणून मशीननं ती मुकाट्यानं बरोबरच वाचली. समोर सगळं छान दिसत होतं. मी चहा प्यायलो. उद्या येऊन करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं काम निघालं. तिसऱ्या दिवशी आठवलं, आणि म्हटलं — सगळं चाललंय की. कुणाचा फोन तर आला नाही.

फोन येणार नव्हताच. घोळ फक्त एक ते बारा तारखांचाच होणार होता, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणूनही खपतो. नऊ फेब्रुवारीचा रिपोर्ट मशीन दोन सप्टेंबरचा समजणार होतं. तीन जूनचा रिपोर्ट सहा मार्चचा. म्हणजे एखाद्या माणसाची तपासणी फेब्रुवारीत झाली आणि पुन्हा जूनमध्ये झाली, तर नाव टाकल्यावर फेब्रुवारीचा जुना रिपोर्ट वर येणार आणि जूनचा नवा त्याच्या खाली जाऊन बसणार.

असा माणूस कोण असेल, असं मी तेव्हा मनाशी विचारलं असतं तर?

यमुनाकाकू होती.

आमच्या गावी, पिशोरला, आमच्या घराच्या समोर तिची पिठाची गिरणी. गिरणी चालवायचे किसनतात्या, तिचे मालक. पण गिऱ्हाईक सांभाळायची काकू. पट्ट्याच्या आवाजावर चढून बोलायची, त्यामुळं गिरणी बंद असतानाही तिचा आवाज तसाच मोठा. भुवयांवर कायम पीठ. मी लहानपणी तिच्या गिरणीत पोत्यावर झोपत असे. गावातल्या लोकांना शहरात कुठं तपासायचं, कुठल्या डॉक्टरकडं जायचं, हे माझ्याकडून कळायचं. तिच्या गळ्याला गाठ आली तेव्हा तिलाही मीच ह्या लॅबचं नाव सांगितलं. फेब्रुवारीत सुईनं तपासणी झाली. साधी निघाली. पुढं गाठ वाढायला लागली, म्हणून जूनच्या सुरुवातीला पुन्हा तीच तपासणी.

दुसऱ्या वेळी गाठ साधी नव्हती. डॉक्टरांनी ते बघितलं, मशीनमध्ये लिहिलं, आणि गावी निघून गेले. घरात काही कार्य होतं. रिपोर्ट न्यायला तात्या आले. संगीताताईनं नाव टाकलं, वर आला तो छापला, पाकिटात घातला, नाव मोठ्यानं वाचलं. बरोबर ना? तात्या म्हणाले, बरोबर.

डॉक्टरांनी स्वतः फोन करायला नको होता का? पुष्कळ दिवस मी मनाशी हेच घोळवत होतो. तो त्यांचा हिशेब. मी माझं सांगतोय.

त्या संध्याकाळी काकूचा मला फोन आला. "विलास, साधीच निघाली रं! तुझी लॅब लई गुणाची." पाठीमागं गिरणी चालू होती. दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तिनं ज्वारीचं पीठ पाठवलं. आम्ही त्याच्या भाकरी खाल्ल्या.

मग पाऊसकाळ गेला. काकू औषध कशाला घेईल? साधी गाठ ती. दिवाळीच्या सुमाराला तिला घास गिळेना झाला, आवाज बसला. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तात्यांजवळचा कागद बघितला, गाठ बघितली, आणि सरळ लॅबला फोन लावला.

आमच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "दोन रिपोर्ट आहेत विलास. जूनचा कॅन्सरचा आहे. दिला गेला तो फेब्रुवारीचा. तुझ्या त्या अपग्रेडमुळं तर नाही ना झालं काही?"

मला काहीच बघायची गरज नव्हती. दारातच कळलं होतं मला. तरी म्हटलं, "बघतो."

ते आणि संगीताताई आतल्या खोलीत होते. मी मशीनसमोर एकटा. कोपऱ्यातली तारीख अजून तशीच उलटी, तशीच गप. मी सेटिंग उघडली, महिन्याच्या जागी तारीख आणली, तारखेच्या जागी महिना. मिनिटभर लागलं. सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं. काकूचं नाव टाकलं. जूनचा रिपोर्ट वर आला. मग हाक मारली.

"ताई, नाव टाका."

तिनं टाकलं. जूनचा वर. ती पडद्याकडं बघत राहिली. "तेव्हा असं नव्हतं सर," ती डॉक्टरांना म्हणाली, "वर जुनाच होता. खालचा मला दिसलाच नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

आता ऐका मी काय बोललो. मी आवाज चढवला नाही. अगदी समजावून, धाकट्या भावासारखं बोललो — "ताई, कॉम्प्युटर आपोआप वरखाली करत नाही. आणि कागदावर तारीख छापलेली होतीच की. फेब्रुवारीची होती. ती वाचायला पाहिजे होती."

ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं बसलं. तिनं टेबलाच्या कडेला हात टेकला. मग म्हणाली, "व्हय. तारीख नाय वाचली मी."

ती भांडली असती, ओरडली असती, माझ्यावर आळ घेतला असता तर? माहीत नाही. कदाचित मी आणखी खोटं बोललो असतो. पण तिनं ते घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर तिनं ते उचललं आणि स्वतःवर ठेवलं.

ती बाहेर गेल्यावर डॉक्टर दार लोटून म्हणाले, "ह्या लोकांना घेतलं हीच माझी चूक झाली." ह्या लोकांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. आणि त्या शब्दानं माझं काम किती सोपं झालं, तेही कळलं होतं. मी मान हलवली. हो, मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

आणखी एक आहे. हे मी स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही. ती सेटिंग मेच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत तशीच होती. त्या लॅबमध्ये रोज किती माणसं यायची! त्यातल्या कितीजणांची तपासणी दोनदा झाली असेल, कुणाकुणाला जुना कागद मिळाला असेल? कुणाची शुगर, कुणाची किडनी? शोधता आलं असतं. मशीन माझ्याच हाताखाली होतं. पण शोधायचं म्हणजे का शोधतोय ते सांगावं लागलं असतं. मी शोधलं नाही. आता ते मशीनही भंगारात गेलं.

तात्यांना समजावायचं कामही डॉक्टरांनी माझ्यावरच टाकलं. केस होईल अशी त्यांना धास्ती होती. मी दवाखान्यात जाऊन तात्यांजवळ बसलो आणि सांगितलं, "टेबलावरच्या बाईकडून चूक झाली तात्या. तिला काढून टाकलंय." तात्या म्हणाले, "बरं." तेवढंच. त्यांचं लक्ष आत, काकूकडं होतं. काकूनं मला खुणेनं जवळ बोलावलं, माझा हात धरला. तिला बोलता येत नव्हतं. त्या बाईला आवाजच उरला नव्हता. मी दहा मिनिटंही बसलो नाही.

होळीच्या आधी ती गेली.

तेरावं होऊन गेल्यावर संगीताताईचा फोन आला. मी नंबर बघून आधी उचलला नाही. पुन्हा आला. म्हणाली, "भाऊ, त्या तुमच्याच गावच्या ना? मला एकदा त्यांचं घर दाखवा."

"कशाला ताई?"

"मला जायचंय."

मी टाळायला बघितलं — लोक चिडलेले आहेत, काही बोलतील, अंगावर येतील. ती म्हणाली, "येऊ द्या."

रविवारी ती एसटीनं कन्नडवरून पिशोरला आली. मी आदल्या दिवशीच गावी गेलो होतो. स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा राहिलो. ती गाडीवर बसली नाही. चालत निघाली, मग मीही गाडी ढकलत तिच्याबरोबर. माझ्या मनात एकच चाललं होतं. ही तिथं काय बोलणार? तारखेचं काही बोलली, वर-खालीचं काही बोलली, आणि कुणी विचारलं तर? त्याही वेळी मी स्वतःलाच वाचवत होतो, हे बघा.

गिरणी बंद होती. तात्या ओसरीवर गिरणीचा दगड पुढ्यात घेऊन त्याला छिन्नीनं टाकी लावत बसले होते. टक, टक, टक. त्यांची लेक मंगल दाराशी धान्य निवडत होती. संगीताताई अंगणातच उभी राहिली. चपला काढल्या.

"मी त्या लॅबमधली," ती म्हणाली. "तो कागद मीच दिला होता."

टाकी थांबली. मंगल उठली, सूप तिथंच टाकून आत गेली. आतून म्हणाली, "तात्या, जायला सांगा तिला. पाणीसुद्धा देऊ नका."

तात्यांनी दगडावरची भुकटी तळहातानं पुसली. मग म्हणाले, "कागद बघून ती लई खूश झाली होती. साऱ्या गल्लीला चहा पाजला तिनं."

संगीताताई रडत नव्हती. नुसती उभी होती. "माझ्याकडून वाचायचं राहिलं," म्हणाली. "मला माफ करा असं म्हणायला नाय आले. माफ नका करू. पण तोंड दाखवल्याशिवाय राहवलं नाय."

मी तिथंच होतो. तिच्यापासून चार हातांवर, ओसरीच्या खांबाला टेकून. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. 'तात्या, ती चूक हिची नाही, माझी आहे.' किती शब्द होतात? माझ्या तोंडात ते तयार झाले होते. जिभेवर आले होते. मी गिळले.

"नाव काय बाई तुझं?" तात्यांनी विचारलं.

"संगीता."

"तो डॉक्टर नाय आला. कुणीच नाय आलं." तात्या उठले, आत गेले, स्वतः तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. "तू तरी आलीस."

ती पाणी प्यायली. मग तात्या माझ्याकडं वळले. त्यांचा हात दगडाच्या भुकटीनं पांढरा झाला होता, तोच माझ्या पाठीवर ठेवला. "विलास, तू आणलंस हिला. बरं केलंस. समोरासमोर झालं."

मी म्हणालो, "हां तात्या."

मी एवढंच म्हणालो. हां तात्या.

स्टँडवर एसटीत चढताना ती खिडकीतून म्हणाली, "भाऊ, तुमचे उपकार झाले." गाडी सुटली. मी हात हलवला.

गेल्या लग्नसराईत बायकोला साडी घ्यायची म्हणून मुकुंदवाडीच्या एका दुकानात शिरलो. घड्या घालायला संगीताताई. केस पिकलेत, बाकी तशीच. मला बघून तिला खरंच आनंद झाला. मालक कुठंतरी गेले होते, गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ताई, जरा बिल करता का मशीनवर? ती एकदम मागं सरली. "नको बाबा. माझ्याकडून चुकतं." आणि हसली.

मग माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, तुमचे मालक लई मनाचे आहेत. माझ्या वाईट वेळेला कुणी नव्हतं, हेच एकटे सोबत आले होते."

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, कसली वाईट वेळ? मी म्हणालो, "नोकरी गेली होती तिची." बायको म्हणाली, बरं केलंत सोबत गेलात ते.

मी गाडी चालू केली.

इतक्या वेळा सांगता आलं असतं. लॅबमध्ये, दवाखान्यात, ओसरीवर, आणि आता ह्या दुकानातसुद्धा. पाच पावलं मागं गेलो असतो तरी झालं असतं. मी गेलो नाही. घाबरलो होतो असं म्हणावं, तर त्या दिवशी साडीच्या दुकानात घाबरण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. डॉक्टर लॅब विकून पुण्याला गेलेत, तात्या थकलेत, मशीन उरलं नाही. मला विचारणारं कुणी नाही.

ती मात्र अजून त्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते, आणि एक बाई आपल्या हातून मेली असं समजून घरी जाते.